दिल्लीनं हात आखडला

२५ जुलै १९९१, गुरुवार. सकाळ.
नवी वही. जुनीत आईनं लोणच्याचं प्रमाण लिहून ठेवलं, त्यामुळे ती आता चौक्यात, स्वयंपाकाच्या फळीवर गेली.

काल संध्याकाळी अर्थसंकल्प झाला. बाबांची संध्या चालू होती म्हणून रेडिओ कानाला लावून ऐकला. सरकार खर्च कमी करणार, तूट कमी करणार. साखरेची सबसिडी बंद, खत महाग, गॅस महाग. मी टाळी वाजवली. आई म्हणाली, महाग झालं तर टाळी कशाला गं? तिला समजावलं: सरकारनं खर्च कमी केला की कर्ज कमी काढतं, मग व्याज उतरतं, कारखानदारांना भांडवल मिळतं, कारखाने निघतात, नोकऱ्या मिळतात. सहा महिने कळ काढायची, फार तर आठ. आईनं विचारलं, आठ महिने चहात काय घालू?

संकल्प: आजपासून बिनसाखरेचा चहा. देशासाठी.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५.
साखर घेतली. वाटीत आधीच काढलेली होती. ती परत डब्यात टाकल्यानं तूट भरून येत नाही.

१ ऑगस्ट, गुरुवार.
बी.ए. अर्थशास्त्र, प्रथम श्रेणी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. बाबा दशग्रंथी आहेत, वेदाचे दहा ग्रंथ मुखोद्गत, पण त्याची मार्कशीट नसते. आता एम.ए., मग परीक्षा, मग दिल्लीला योजना विभागात. रोज वीस पानं वाचायची. आज सहा झाली, कारण सुरुवातीची पानं नेहमीच कठीण असतात.

बाबांनी पाठशाळेचा इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे दिला. हिंदीतला ते स्वतः पाहतात. बाबांची वेदपाठशाळा म्हणजे बनारसमधल्या आमच्या गल्लीच्या टोकाचं दुमजली घर, तीन गुरुजी, अकरा विद्यार्थी आणि एक सरकारी अनुदान. त्यावर तिघांचे पगार आणि अकरा जणांचं जेवण. बाबा नरहरकाकांना म्हणाले, आता आपल्याला कचेरीतल्या बाबूंच्या पाया पडायला नको, घरचीच पदवीधर आहे. नरहरकाका बाबांचे सहाध्यायी आणि सहकारी. जीभ कायम तिखट. ते म्हणाले, वा, म्हणजे आता चुका घरच्या घरी होतील.

मी हसले. विनोद समजायला शिक्षण लागतं.

३ ऑक्टोबर, गुरुवार.
अनुदानाचा हप्ता आला नाही. ऑगस्टचाही आला नव्हता. सगळीकडेच उशीर आहे म्हणतात. बाबांना सांगितलं की हा lag आहे. धोरण आणि परिणाम यांच्यात काळ जातो. बाबा म्हणाले, हो का. मग देवघरात गेले.

आईनं वरण पातळ केलं.

११ नोव्हेंबर, सोमवार.
मोठी कल्पना सुचली. अभ्यासाला प्रत्यक्ष क्षेत्र दारातच आहे! सरकारनं एक रुपया खर्च केला की तो हातोहात फिरून दीड-दोन रुपयांचं उत्पन्न होतो. याला गुणक म्हणतात. तसाच एक रुपया कमी केला की तोटाही हातोहात फिरतो. हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलंय. ब्रह्माघाटावर कुणी मोजलं नाही. मी मोजणार. ‘ब्रह्माघाटातील गुणक: एक अभ्यास’. छापून आला की दिल्लीतल्या मुलाखतीत दाखवता येईल.

पहिली कडी: पाठशाळेनं दूध निम्मं केलं. आम्हीही निम्मं केलं. दुसरी कडी: दूधवाले सरदार (इथं गवळ्याला सरदार म्हणतात). उद्या त्यांची मुलाखत.

१३ नोव्हेंबर, बुधवार.
सरदारांना विचारलं, दूध कमी घेतल्यानं तुमचं उत्पन्न किती घटलं, तुम्ही कोणती खरेदी रद्द केली? ते बादली खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “अरे बिटिया, दूध कोई गंगाजी में थोड़े बहा देंगे? ठठेरी बाजार का हलवाई ले जाता है. दाम भी जादा देता है.”

म्हणजे तोटा सरदारांपर्यंत पोचलाच नाही. साखळी दुसऱ्या कडीलाच तुटली. हा स्थानिक अपवाद म्हणून तळटीपेत घालीन.

आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, म्हणजे सगळ्यांचं भागलं, आपलंच राहिलं. तिला म्हटलं, आई, एका घरावरून अर्थव्यवस्था कळत नाही. ती म्हणाली, बरं. आणि तिची भाकरी माझ्या ताटात टाकली. मला भूक लागली होती, म्हणून खाल्ली.

१६ डिसेंबर, सोमवार.
इंग्रजीत पत्र आलं! अनुदान चालू ठेवावं की नाही हे ठरवण्याआधी विभागाचे निरीक्षक इलाहाबादहून येणार. वर्ग चालू असताना पाहणी करायची आहे. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातला सोयीचा दिवस कळवावा.

हीच संधी. मी दोन कामं ठरवली. एक, तारीख. दोन, साहेबांपुढे ठेवायला इंग्रजीत पाच पानी टिपण: वेदशिक्षणावरील सरकारी खर्च ही दीर्घकालीन गुंतवणूक कशी आहे.

तारीख लगेच ठरली. बँकेचं नवं कॅलेंडर भिंतीवर आहेच. सोमवार, वीस. रविवारची सुट्टी घेऊन माणूस ताजा असतो, शेरा चांगला लिहितो. शुक्रवारी लोक चिडलेले असतात. हे निरीक्षण माझं स्वतःचं आहे.

बाबा स्नानाला निघाले होते. त्यांना म्हटलं, वीस तारीख देते. त्यांनी जिन्यातूनच विचारलं, त्या दिवशी काय आहे? मी म्हटलं, सोमवार. ते म्हणाले, तू बघितलंस ना, मग झालं.

कचहरीसमोर टाइप करून घेतलं. ‘Monday will suit us best.’ छान दिसतं.

१४ जानेवारी १९९२, मंगळवार.
टिपणाची साडेतीन पानं झाली. चौथ्यात सरदारांचा अपवाद कुठे बसवावा कळेना, म्हणून गाळला.

बाबांनी विद्यार्थ्यांची जुनी धोतरं धुऊन घेतली. बैठकीच्या चटया उन्हात टाकल्या. नरहरकाकांनी भिंतीला चुना मारला आणि माझ्या नाकालाही लावला. म्हणाले, बी.ए. बाई, साहेबांनी इंग्रजीत प्रश्न विचारला तर उत्तर द्या, संस्कृतात विचारला तर पळा.

चार महिन्यांनी घरात कुणीतरी हसलं.

१९ जानेवारी, रविवार. दुपारी.
बाबा पंचगंगा घाटावरून पौर्णिमेचं स्नान करून आले. ओल्या पंच्यानंच उभे राहिले. म्हणाले, कालिंदी, उद्या प्रतिपदा आहे.

मी म्हटलं, मग?

मग आठवलं. प्रतिपदेला अनध्याय. अष्टमीलाही, चतुर्दशीलाही, पौर्णिमा-अमावास्येलाही. त्या दिवशी वेद शिकवायचा नाही, म्हणायचा नाही, पाठ घ्यायचा नाही. लहानपणापासून बघतेय. पाठशाळेला रविवारची सुट्टी कधीच नव्हती. तिथीची असते. हे मला माहीत होतं. फक्त त्या वेळी सुचलं नाही, कारण मी इंग्रजीत विचार करत होते.

आणि बँकेच्या कॅलेंडरवर तिथीच नाही. बनारसमध्ये असं कॅलेंडर वाटणं हा त्यांचा निष्काळजीपणा.

नरहरकाका डोक्याला हात लावून जिन्यात बसले. त्यांनी महिन्यापूर्वीच उद्याचं सगळ्या मुलांचं भोजन एका ग्वाल्हेरच्या यजमानाकडे शिंदे घाटावर ठरवलंय, अनध्याय म्हणूनच; त्यांच्या डोक्यात ती प्रतिपदा होती, साहेबांची वीस तारीख वेगळी. म्हणाले, देशाची तूट मोजता येते, पंचांगाचं एक पान उलटता येत नाही. बाबा म्हणाले, नरहर, पुरे.

तार करावी तर आज रविवार, कचेरी बंद. बाबांना म्हटलं, एक दिवस, अर्धा तास, चालणार नाही का? बाबा म्हणाले, असू दे. तू जेव.

काळजीचं कारण नाही. सुशिक्षित अधिकारी आहेत. समजावून सांगितलं की समजतील.

२० जानेवारी, सोमवार. संध्याकाळी.
सगळं नीट लिहून ठेवते.

धुकं होतं. साहेब अकरा वाजता आले. वयस्क, मफलर गुंडाळलेला, खोकत होते. स्वभावानं चांगले. जिना चढून आले तर बैठक रिकामी, चटया गुंडाळलेल्या. त्यांनी विचारलं, बच्चे कहाँ हैं? नरहरकाका धावत शिंदे घाटावर गेले आणि अर्ध्या पंक्तीतून सहा जणांना उठवून आणलं. एकाच्या हातात लाडू होता.

साहेबांनी रजिस्टर उघडलं. म्हणाले, “पंडितजी, दो-चार पंक्ति सुनवा दीजिए. हम लिख देंगे कि पाठ चल रहा था. बस.”

बाबांनी सांगितलं, आज अनध्याय आहे.

“छुट्टी तो कल थी, इतवार को?”

बाबांनी सांगितलं, रविवारची सुट्टी नसते, तिथीची असते. आज प्रतिपदा.

साहेबांनी पेन टोपणात घातलं, परत काढलं. म्हणाले, “हमारे रजिस्टर में प्रतिपदा का खाना नहीं है, पंडितजी. आप समझिए. दो पंक्ति.” आवाज अगदी विनवणीचा होता. मग मुलांकडे वळून म्हणाले, बोलो बेटा, कोई भी बोलो.

मुलं बाबांकडे बघत होती. बाबा जमिनीकडे. कुणी तोंड उघडलं नाही. खालच्या गल्लीतून सांड जात होता, त्याचे खूर ऐकू येत होते.

तेवढ्यात मी पुढे झाले आणि टिपण वाचायला घेतलं. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. पहिलं पान, दुसरं पान, गुणक, मानवी भांडवल. साहेब पूर्ण वेळ ऐकत होते. एकदाही मधे बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, बहुत पढ़ी-लिखी हो बिटिया. टिपण त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं. जाताना बाबांना वाकून नमस्कार केला.

एकंदरीत भेट चांगली झाली. टिपणाचा परिणाम दिसत होता.

बाबा जेवले नाहीत. आई म्हणाली, प्रतिपदेचा उपास नसतो.

२९ फेब्रुवारी, शनिवार.
नवा अर्थसंकल्प. खर्चावर लगाम कायम. व्याज अजून उतरलेलं नाही, पण उतरेल. आठवा महिना लागला. मी ‘फार तर आठ’ म्हटलं होतं खरं, पण तो अंदाज साखरेपुरता होता.

एम.ए.चा फॉर्म आणला. भरायचा आहे.

१३ मार्च, शुक्रवार.
अनुदान बंद झालं.

पत्र हिंदीत होतं, त्यामुळे माझ्याकडे आलं नाही. बाबांनीच सांगितलं. मी दळण घेऊन आले, तर ते दारातच उभे. म्हणाले, कालिंदी, तू म्हणत होतीस तेच झालं. दिल्लीनं हात आखडला. सगळ्यांचंच बंद केलंय.

मी विचारलं, सगळ्याच पाठशाळांचं? ते म्हणाले, सगळ्यांचंच. त्याला कोण काय करणार?

वाईट वाटलं, फार वाटलं. पण मनावरचा एक दगडही उतरला, हे इथं लिहायला हरकत नाही. वीस जानेवारीपासून मला नीट झोप नव्हती. राष्ट्रीय स्तरावरचा निर्णय होता तर. देशाची तूट एका सोमवारनं वाढत नाही की कमी होत नाही. नरहरकाकांना हे सांगणार होते, पण ते हल्ली माझ्याशी बोलत नाहीत.

आणि बाबांनी पहिल्यांदाच माझा विषय मान्य केला. मी त्यांना गुणक पुन्हा समजावला. या वेळी त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. मधेच म्हणाले, म्हणजे हे आपल्या हातात नव्हतंच? मी म्हटलं, मुळीच नव्हतं. ते म्हणाले, तेच तर.

संकल्प: वर्तमानपत्राला पत्र लिहायचं. ‘खर्चकपात कुठे करू नये’.

४ एप्रिल, शनिवार. पाडवा.
गुढी उभारली. पाठशाळेवरही उभारली, शेवटची. दोन विद्यार्थी नाशिकला गेले, एक गोकर्णला, तिसरे गुरुजी आपल्या गावी. बाकीची मुलं घरी परत. त्यांचं अर्धं राहिलेलं कोण पुरं करणार, मी विचारलं. बाबा म्हणाले, जेवढं आलं तेवढं विसरू नका म्हणून सांगितलंय.

वर्तमानपत्राचं उत्तर नाही. जागा कमी असेल.

एम.ए.ची मुदत गेली. पुढच्या वर्षी. तोवर चौखंभ्यात दोन शिकवण्या धरल्यात. गणिताच्या. अर्थशास्त्र कुणाला नको आहे.

१२ एप्रिल, रविवार.
बाबा आजपासून संकठा घाटावर बसतात. लाकडी चौकी, वर छतरी. महाराष्ट्रातून यात्रेकरू येतात, त्यांचा संकल्प सांगायचा, पिंडदानाची तयारी करून द्यायची. ज्यांच्यापुढे लोक शंका विचारायला यायचे, त्यांना आता ‘ओ भटजी, किती घेणार?’ विचारतात. आई मला म्हणाली, तिकडून जाऊ नकोस, त्यांना आवडणार नाही.

याला स्वयंरोजगार म्हणतात. सरकार मागे सरलं की खाजगी क्षेत्र जागा भरून काढतं, हे मी जुलैतच लिहिलं होतं.

वरचं वाक्य खोडणार होते. राहू दे.

२० मे, बुधवार. दुपारी.
नरहरकाका इंदूरला पुतण्याकडे निघाले. जाण्याआधी पाठशाळेची किल्ली द्यायला आले. चार महिन्यांनी माझ्याशी बोलले. म्हणाले, घरमालकाला कागदपत्रांचं कपाट रिकामं करून हवंय, तू लिहिती-वाचती आहेस, तूच बघ. पायरी उतरता उतरता थांबले. तुझा बाप, यज्ञेश्वर, फार चांगला माणूस आहे, म्हणाले. मी म्हटलं, माहीत आहे. ते म्हणाले, नाही, तुला माहीत नाही.

आता जाते. तासाभराचं काम असेल.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
सरकारी फाईल सगळ्यात वर होती. विभागाचा हिंदी आदेश, सहा मार्चचा. दोनदा वाचला. मग उभं राहून वाचला.

शहरातल्या सात पाठशाळांची यादी. सहांचं अनुदान चालू. नुसतं चालू नाही, नव्या वर्षापासून थोडं वाढवलेलं. सातवी आमची. शेरा: सोमवार, २० जानेवारी या कामाच्या दिवशी, संस्थेनं स्वतः कळवलेल्या दिनांकास, अध्यापन चालू आढळले नाही. सबब अनुदान समाप्त. हरकत असल्यास तीस दिवसांत अपील करावं.

दिल्लीचा कुठे उल्लेख नाही. तुटीचा नाही.

आदेशाला माझ्या पत्राची प्रत टाचलेली. Monday will suit us best.

त्याखाली एक कागद. बाबांचं अक्षर. अपिलाचा मसुदा, हिंदीत. महोदय, सविनय निवेदन है कि उक्त दिन प्रतिपदा थी और शास्त्रानुसार अनध्याय था. यह दिनांक

एवढंच. पुढे काही नाही. पुढे लिहायचं तर तारीख कुणी दिली ते लिहावं लागलं असतं. शाई त्या जागी जाड झाली आहे, पेन तिथे बराच वेळ टेकलेलं असावं.

तीस दिवस पाच एप्रिललाच संपले.

२१ मे, गुरुवार.
संकठा घाटावर गेले. सांगायचं ठरवलं होतं की मी आदेश वाचला. वाक्यं तयार होती. मराठीत.

बाबांच्या चौकीपुढे अकोल्याकडचं एक कुटुंब बसलं होतं. म्हातारे गृहस्थ, त्यांची बायको, सून. म्हातारे विचारत होते, शास्त्रीबुवा, इथं ब्रह्माघाटावर एक वेदपाठशाळा होती, माझे चुलते तिथं शिकले, आम्हाला बघायची होती, तर कुलूप दिसलं.

बाबा दर्भ निवडत होते. म्हणाले, बंद झाली. सरकारला खर्च कमी करावा लागला ना. देशाची तूट फार झाली होती. वरून एक रुपया कमी झाला की खाली दोन रुपयांचा फटका बसतो, त्याला गुणक म्हणतात. माझी मुलगी अर्थशास्त्राची पदवीधर आहे, तिनं मला समजावलं.

एक शब्द चुकला नाही. मी सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमानं, पाठ केल्यासारखं.

मग त्यांना मी मागे उभी दिसले. ते हसले आणि म्हणाले, हीच ती. कालिंदी.

म्हातारीनं मला जवळ बसवून घेतलं. पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, एवढी शिकलीस गं बाई. मग विचारलं, खरंच का गं, दिल्लीवाल्यांनीच बंद केली?

बाबांनी दर्भ निवडायचं थांबवलं होतं.

मी हो म्हटलं.